वाचकांचे प्रश्न : ‘ऑर्थोपॉक्स आढळला’ म्हणजे देवी आली काय?

या खेपेस आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रे देवी, माता, लम्पी आणि त्यांच्या डीएनए तपासणीविषयी आहेत. दर्यापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या पत्राचे उत्तर सर्वांत लांब झाले आहे, आणि पुढची उत्तरे त्याच्या आधाराने वाचावीत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गोठ्यात तीन पूर्णाथडी म्हशी आहेत. पोळ्यानंतर एकीच्या सडांवर फोड आले आणि पंधरा दिवसांत दुसरीलाही आले. धार माझा मुलगा काढतो. त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर मधोमध खळगा असलेले टपोरे फोड उठले, ताप आला, काखेत गाठ आली. सरकारी डॉक्टरांनी फोडाचा नमुना तपासणीस पाठवला. आलेल्या कागदावर ‘ऑर्थोपॉक्स विषाणू डीएनए : आढळला’ असे लिहिले आहे. गावातल्या एकाने मोबाइलवर शोधले, तर देवीचा विषाणूही ऑर्थोपॉक्सच निघाला. तेव्हापासून आमच्याकडे दूध घ्यायला कोणी येत नाही. देवी परत आली आहे काय? (एक शेतकरी, दर्यापूर तालुका, जि. अमरावती)

उत्तर : देवी परत आलेली नाही. आपल्या पत्रातील वर्णन आणि सोबत जोडलेली कागदाची प्रत पाहता हा म्हशींच्या देवीचा प्रकार असण्याची शक्यता फार मोठी आहे. धार काढणाऱ्यांना तो होतो आणि योग्य काळजी घेतल्यास काही आठवड्यांत बरा होतो. तरीही आपली शंका चुकीची म्हणता येणार नाही, कारण कागदावरचा शब्द खरोखरच संदिग्ध आहे.

ऑर्थोपॉक्स हे एका रोगाचे नाव नसून विषाणूंच्या एका कुळाचे आडनाव आहे. ज्या गावात अर्धी घरे देशमुखांची आहेत, तिथे ‘देशमुखांकडे जायचे आहे’ एवढ्यावर पाहुणा मुक्कामी पोहोचत नाही, तसेच हे आहे. या कुळात माणसाच्या देवीचा विषाणू आहे, गाईच्या देवीचा आहे, उंटाच्या देवीचा आहे, २०२२ पासून वृत्तपत्रांत गाजलेला एमपॉक्सचा (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) आहे आणि देवी काढण्यासाठी जी लस वापरीत तिच्यातला व्हॅक्सिनिया नावाचा विषाणूही आहे. म्हशींच्या देवीचा विषाणू या व्हॅक्सिनियाच्याच शाखेतला आहे. लसीकरणाच्या काळात टोचलेल्या माणसांच्या हातांवरून तो कधीतरी गोठ्यात गेला आणि तिथेच राहिला, असे अनेक अभ्यासक मानतात. महाराष्ट्रात तो काही नवखा नाही. २००९ मध्ये सोलापूर आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत म्हशी आणि माणसे अशा दोघांतही त्याची साथ नोंदली गेली होती.

या कुळातील विषाणूंचे डीएनए लांबलचक असतात. देवीच्या विषाणूत सुमारे १,८६,००० अक्षरांची साखळी असते आणि इतर भावंडांचीही जवळपास तेवढीच असते. साखळीच्या मधल्या भागात ही भावंडे इतकी सारखी आहेत की नव्वद टक्क्यांहून अधिक मजकूर जुळतो. फरक मुख्यतः दोन टोकांकडे साठलेले आहेत. प्रयोगशाळेची पहिली चाचणी मुद्दाम या सारख्या भागावर बेतलेली असते, म्हणजे कुळातला कोणताही विषाणू निसटू नये. तिचे उत्तर ‘या घराण्यातील कोणीतरी आहे’ एवढेच असते. ‘कोण आहे’ हे सांगायला दुसरी चाचणी लागते. आपल्या कागदावर पहिल्या चाचणीचे उत्तर मोठ्या अक्षरांत आले आणि पुढचे बारीक अक्षरांत राहिले, त्यातून हा सारा घोळ झाला.

प्रतीवर चार ओळी आहेत, त्या एकेक वाचू. पहिली ओळ ‘ऑर्थोपॉक्स : आढळला, सीटी २४’ अशी आहे. करोनाच्या काळात आपण सर्वांनी आरटी-पीसीआर हा शब्द ऐकला. ही तपासणी त्याच जातीची आहे, मात्र करोनाचा विषाणू आरएनएचा असल्यामुळे त्याचे आधी डीएनएत रूपांतर करावे लागे, आणि पॉक्स विषाणू मुळातच डीएनएचे असल्यामुळे ‘आरटी’ हा टप्पा इथे लागत नाही. नळीत फोडातील द्रवातून काढलेला डीएनए असतो, वीस-पंचवीस अक्षरांचे दोन तुकडे असतात (त्यांना प्रायमर म्हणतात) आणि उष्णता सोसणारे एक विकर (एन्झाइम) असते. यंत्र नळीला सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवते, म्हणजे डीएनएची जोडसाखळी सुटी होते. मग ते नळीला ६० अंशांच्या आसपास आणते. तेव्हा प्रायमर आपल्या जागी चिकटतात आणि विकर मधला मजकूर उतरवून घेते. एका फेरीत एकाचे दोन, दुसरीत दोनाचे चार होतात. चोविसाव्या फेरीस मूळ तुकड्याच्या सुमारे १ कोटी ६७ लाख प्रती झालेल्या असतात. प्रत वाढली की चमक वाढेल अशी रंगद्रव्याची सोय नळीत केलेली असते, आणि ज्या फेरीस ही चमक ठरलेली रेषा ओलांडते त्या फेरीचा आकडा म्हणजे सीटी. आकडा जितका लहान, तितका मूळ नमुन्यात विषाणूचा डीएनए जास्त. आपल्या मुलाच्या फोडातून घेतलेल्या नमुन्यात तो भरपूर होता. सीटी ३४ असती तर तो साधारण हजारपट कमी धरला असता.

दुसरी ओळ ‘एमपॉक्स : आढळला नाही’ अशी आहे. प्रायमरचा हा वेगळा जोड फक्त एमपॉक्सच्या मजकुराशी जुळतो. तिसरी ओळ ‘मानवी जनुक : आढळले’ ही रोगाविषयी काहीच सांगत नाही, नमुन्यात माणसाच्या पेशी खरोखर आल्या होत्या आणि नळीतली क्रिया बिघडली नव्हती एवढी ती हमी देते. चौथी ओळ शेऱ्याची आहे : ‘पुढील ओळख पटविण्यासाठी नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठविला.’ म्हणजे आपल्या हाती आलेला कागद अर्धाच आहे. उरलेला अर्धा आपण जिल्हा आरोग्य कार्यालयातील सर्वेक्षण अधिकाऱ्यांकडे मागावा, तो मागण्याचा आपल्याला हक्क आहे. संदर्भ प्रयोगशाळेकडे अशीही एक चाचणी असते, जी देवीचा विषाणू सोडून कुळातील बाकी सर्वांना पकडते. ती सकारात्मक आली की देवीचे नाव यादीतून खोडले जाते. त्यापुढे डीएनएचा मजकूर प्रत्यक्ष वाचून म्हशींच्या देवीवर शिक्कामोर्तब करता येते.

तरीही कागदाची वाट न पाहता देवीची शंका बाजूला ठेवण्यास माझ्यापाशी तीन कारणे आहेत. देवीचा विषाणू माणसाखेरीज कोणत्याही प्राण्यात निसर्गतः राहत नाही, आणि आपल्याकडे आजार आधी म्हशीला आला. आपल्या मुलाचे फोड सडाला लागलेल्या बोटांपुरतेच आहेत. देवीत ते चेहरा आणि हातपायांवर सगळीकडे एकाच वेळी उमटतात. आणि भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात सापडला होता, जगातील निसर्गतः झालेला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात सापडला होता. जागतिक आरोग्य संघटनेने मे १९८० मध्ये हा रोग संपल्याचे जाहीर केले.

दुधाविषयी : आजारी म्हशीचे दूध नीट उकळल्याशिवाय कोणीही घेऊ नये. तिची धार शेवटी काढावी, हात साबणाने धुवावेत आणि शक्य असल्यास मोजे घालावेत. मुलाने फोड फोडू नयेत व ते हात डोळ्यांना लावू नयेत, कारण बुबुळाला संसर्ग झाला तर प्रकरण अवघड होते. सडावरच्या फोडांचा नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत स्वतंत्रपणे पाठवून घ्या. माणसाच्या आणि म्हशीच्या नमुन्यांतील डीएनए एकच निघाला, तर गावाची समजूत घालायला आपल्यापाशी आणखी एक कागद येईल.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत दिवाळीनंतर अकरा मुलांच्या अंगावर फोड आले. पालक म्हणतात माता आली, निंबाचा पाला बांधतात आणि मुलांना घरी घेऊन जातात. आम्ही सर्वांची डीएनए तपासणी करून घ्यावी काय? (अधीक्षक, आश्रमशाळा, धानोरा तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : आपण लिहिले आहे की फोड आधी पोटावर व पाठीवर आले, ते खाजतात, आणि एकाच मुलाच्या अंगावर लाल ठिपका, पाण्याचा फोड व खपली हे तिन्ही एकाच वेळी दिसतात. हे कांजिण्यांचे चित्र आहे. आपल्या बोलीत गोवर, कांजिण्या, देवी या सर्वांना ‘माता’ म्हणतात, पण कांजिण्यांचा विषाणू पॉक्स कुळातला नाही. तो हर्पिस कुळातला आहे आणि त्याचा डीएनए सुमारे १,२५,००० अक्षरांचा आहे. त्यामुळे ऑर्थोपॉक्सची चाचणी अशा मुलांवर केली, तर उत्तर ‘आढळला नाही’ असे येईल आणि कोणीतरी त्याचा अर्थ ‘मुलाला काही झालेले नाही’ असा लावील. चाचणीला जो तुकडा शोधायला सांगावा तेवढाच ती शोधते. कांजिण्यांसाठी वेगळी पीसीआर आहे, पण अकराही मुलांचे चित्र एवढे सरळ असताना तिची गरज नाही.

डॉक्टरांना तातडीने बोलवावे असे प्रसंग मात्र वेगळे आहेत. फोड येण्यापूर्वी एक ते चार दिवस जोराचा ताप, मग चेहरा, तळहात, तळपाय यांवर कातडीत खोलवर रुतलेले, छर्‍यासारखे घट्ट फोड, आणि एका जागेवरचे सर्व फोड एकाच अवस्थेत असणे, अशी लक्षणे एकत्र दिसली तर नमुना गेलाच पाहिजे. मान, काख किंवा जांघेत गाठी असतील आणि घरात कोणी नुकतेच परदेशातून आले असेल, तर एमपॉक्सचा विचार करावा लागतो. निंबाच्या पाल्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ताप उतरावा म्हणून मुलांना ॲस्पिरिन देण्याला. कांजिण्यांत ते धोक्याचे आहे. आणि मुलांना भरल्या काळी-पिवळीतून घरी पाठवण्यापेक्षा सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवणे बरे.

प्रश्न : माझ्या आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. तिच्या चेहऱ्यावर अजून व्रण आहेत. तिच्या रक्ताची डीएनए तपासणी केली तर तो विषाणू सापडेल काय? तिच्यापासून आमच्या लेकरांना धोका आहे काय? (गृहिणी, आर्वी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : सापडणार नाही, आणि धोका मुळीच नाही. देवीचा विषाणू बऱ्या झालेल्या माणसाच्या शरीरात लपून राहत नाही. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन बाहेर पडतो. त्यावरून देवीचाही तसाच समज झाला असावा. आजींच्या रक्तात आज फार तर त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असतील. ती जुन्या लढाईची नोंद दाखवतात, आजचा शत्रू दाखवत नाहीत. म्हणूनच आज अंगावर फोड असलेल्या वयस्क माणसाची केवळ प्रतिपिंडांची तपासणी करू नये. ज्यांच्या दंडावर देवी काढल्याचा जुना व्रण आहे अशा साठी-सत्तरीच्या माणसांत ती कुळातील सर्व भावंडांविरुद्ध थोडीफार सापडू शकतात आणि निष्कर्ष फसतो. डीएनए तपासणी फोडातून, खपलीतून करतात ती याचसाठी.

जाता जाता एक आठवण. आमच्या गावी देवी काढणारा आला की आम्ही पोरे पऱ्हाटीत लपून बसत असू, आणि कोतवाल एकेकाचा कान धरून बाहेर काढी. दंडावरचा तो व्रण बीसीजीच्या व्रणाहून वेगळा, मोठा आणि पसरट असतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ही लस देणे थांबले, तेव्हा आजच्या तरुणांच्या दंडावर जो दिसतो तो बीसीजीचा.

व्रणांत विषाणू नसतो, पण कोरड्या अवशेषांत त्याचा डीएनए फार काळ टिकू शकतो हे खरे आहे. लिथुआनियात विल्नियस येथील एका चर्चच्या तळघरात सतराव्या शतकातील एका मुलाचे वाळलेले शरीर सापडले. त्यातून देवीच्या विषाणूचा संपूर्ण मजकूर वाचता आला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मजकूर वाचता आला याचा अर्थ विषाणू जिवंत होता असा नाही. जुन्या कागदाचे तुकडे जुळवून दस्त वाचावा, तसे ते काम होते.

प्रश्न : मी बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी आहे. ज्या रोगाचा एकही रुग्ण जगात नाही आणि ज्याचा विषाणू प्रयोगशाळांना मिळत नाही, त्याची चाचणी बरोबर चालते हे कसे तपासतात? आणि रुग्णच नसेल तर चाचणी हवी कशाला? (विद्यार्थी, वाशीम)

उत्तर : प्रश्न नेमका आहे. देवीचा विषाणू आज अधिकृतपणे दोनच ठिकाणी ठेवलेला आहे : अमेरिकेत अटलांटा येथील रोग नियंत्रण केंद्रात आणि रशियात नोवोसिबिर्स्कजवळच्या कोल्त्सोवो येथील ‘वेक्टर’ संस्थेत. इतका कडेकोट बंदोबस्त का, याचे उत्तर १९७८ मध्ये मिळाले होते. रोग निसर्गातून संपल्यावरही इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे प्रयोगशाळा असलेल्या इमारतीत काम करणाऱ्या एका छायाचित्रकार महिलेला देवी आली आणि तिचा मृत्यू झाला. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा की या दोन केंद्रांखेरीज कोणत्याही संस्थेने देवीच्या विषाणूच्या डीएनएचा २० टक्क्यांहून अधिक भाग आपल्यापाशी ठेवू नये. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत २०१२ मध्ये सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा सुरू झाली, पण हा नियम तिलाही तितकाच लागू आहे.

मग चाचणीची खातरजमा चाचणी ज्या तुकड्यावर बेतली आहे तेवढाच, काहीशे अक्षरांचा तुकडा रासायनिक पद्धतीने तयार करून करतात. तो निरुपद्रवी जिवाणूच्या प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूतील डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यात, बसवला जातो आणि प्रत्येक वेळी ‘सकारात्मक नियंत्रण’ म्हणून यंत्रात ठेवला जातो. एवढ्या तुकड्यातून विषाणू होऊ शकत नाही, जसे एका पानावरून पोथी होत नाही. प्रायमर कुठे बसवायचे हे संगणकावर ठरते, कारण १९६७ च्या भारतीय आणि १९७५ च्या बांगलादेशी नमुन्यांचे संपूर्ण जनुकक्रम १९९०च्या दशकातच वाचून झाले आहेत. पुढची परीक्षा भावंडांवर होते : व्हॅक्सिनिया, गाईची देवी, उंटाची देवी, एमपॉक्स, आणि शिवाय कांजिण्या व साध्या हर्पिसचा डीएनए. यांपैकी कोणावरही देवीची चाचणी चमकता कामा नये. उंटाचा विषाणू इथे विशेष छळतो, कारण मजकुराने तो देवीच्या फार जवळचा आहे. कधीकधी एकदोन अक्षरांच्या फरकावर सारा निवाडा टांगलेला असतो. प्रत्यक्ष देवीच्या डीएनएवरची शेवटची पडताळणी त्या दोन केंद्रांतच होते.

जुन्या पद्धतींशी ताडून पाहिले म्हणजे या चाचणीचे मोल कळते. पूर्वी फोडातला द्रव कोंबडीच्या अंड्यातील पडद्यावर घालून दोन-तीन दिवसांनी उमटणारे ठिपके पाहत, आणि कोणत्या तापमानापर्यंत ते वाढतात यावरून भावंडे ओळखत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक पॉक्सचा विटेसारखा आकार झटकन दाखवी, तेवढ्याने कांजिण्या बाद होत, पण विटा साऱ्या सारख्याच दिसत. डीएनएचे काम काही तासांत होते आणि जिवंत विषाणू वाढवावा लागत नाही, ही सर्वांत मोठी सोय.

आता ‘हवी कशाला’ हा भाग. जुलै २०१४ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथील सरकारी आवारातल्या एका शीतखोलीत देवीच्या विषाणूच्या विसरलेल्या कुप्या सापडल्या. त्यांत देवीचाच डीएनए असल्याचे चाचणीने सांगितले आणि पुढे त्या नष्ट करण्यात आल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या एका संशोधन केंद्राच्या फ्रीजरमध्ये अशाच कुप्या निघाल्या. काहींच्या चिठ्ठीवर इंग्रजीत ‘देवी’ असेच लिहिले होते. तपासणीत आत निघाला लसीचा व्हॅक्सिनिया. दोन्ही वेळा भीती सारखीच, पण उत्तरे उलटी. असे उत्तर द्यायला चाचणी हवी. शिवाय आज आपल्याकडे चाळिशीच्या आतल्या जवळपास कोणालाही ही लस मिळालेली नाही, त्यामुळे एखादा खराच रुग्ण निघाला तर पहिल्या दिवशीच ओळखावा लागेल.

परंतु ही चाचणी कोणावरही करू नये, हे आपण विद्यार्थी म्हणून गणिताने समजून घ्या. समजा, चाचणी हजारात एकदाच चुकून ‘आढळला’ म्हणते, आणि आपण फोड असलेल्या दहा हजार लोकांना तपासले. देवीचे रुग्ण शून्य असताना दहा जण ‘देवीचे’ ठरतील, आणि दहाच्या दहा खोटे असतील. चाचणी उत्तम असूनही तिचा प्रत्येक सकारात्मक निकाल चुकीचा! म्हणून रुग्णाची लक्षणे आधी तोलायची, संशय बळकट असेल तरच देवीची विशिष्ट चाचणी करायची, आणि ती सकारात्मक आली तरी डीएनएच्या दुसऱ्या जागेवर बेतलेल्या चाचणीने पडताळायची.

दोन जागा का, याचा धडा एमपॉक्सने अलीकडेच दिला. कांगोच्या पूर्व भागात पसरलेल्या ‘एक-बी’ या उपप्रकारात डीएनएचा नेमका तो तुकडा गळून गेला होता, ज्यावर त्या शाखेची एक जुनी चाचणी बेतलेली होती. एमपॉक्स आहे हे सामान्य चाचणी सांगत होती, पण शाखा ओळखणारी चाचणी गप्प राहत होती. २०२४ मध्ये हे उघड झाल्यावर नवे प्रायमर करावे लागले.

प्रश्न : २०२२ मध्ये लम्पीने आमचा एक बैल गेला. यंदा पुन्हा एका गाईच्या अंगावर गाठी आहेत. माणसांच्या देवीची जी तपासणी असते तीच गुरांना चालते काय? दूध प्यावे काय? (शेतकरी, खामगाव तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : लम्पीचा विषाणू पॉक्सच्या मोठ्या घराण्यातला खरा, पण शाखा वेगळी; तो शेळ्यामेंढ्यांच्या देवीचा जवळचा नातेवाईक आहे. त्यामुळेच साथीच्या काळात आपल्याकडे गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. ऑर्थोपॉक्सचे प्रायमर त्याला चिकटत नाहीत. त्याची वेगळी पीसीआर आहे आणि नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत जातो. गाठीची खपली हा उत्तम नमुना. शेळ्यांच्या ओठांवर येणारा मावा हाही पॉक्सच, पण तिसऱ्याच शाखेचा, आणि तो मात्र माणसाच्या हाताला लागू शकतो. लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायला हरकत नाही. डास, माशा, गोचीड यांचा बंदोबस्त करा, कारण लम्पी पसरते ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

प्रश्न : मी मेळघाटातील एका आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. मागे आम्ही पाठवलेल्या दोन नमुन्यांचे उत्तर ‘अनिर्णित’ आले. आमचे काय चुकले असेल? (धारणी तालुका, जि. अमरावती)

उत्तर : आपण लिहिलेल्या तपशिलांत तीन जागा मला खटकल्या. पहिली, नमुना कापूस गुंडाळलेल्या लाकडी काडीने घेतला होता. कापूस आणि लाकूड यांतील काही घटक पीसीआरच्या विकराला अडवतात; पॉलिएस्टरची प्लॅस्टिक दांडीची काडी वापरावी. दुसरी, रुग्णाच्या फोडांवर हळद आणि झाडपाल्याचा लेप होता. असा लेप नमुन्यात उतरला की मानवी जनुकाची ओळही येत नाही, आणि मग प्रयोगशाळेला ‘अनिर्णित’ लिहिण्यावाचून गत्यंतर नसते. लेप निर्जंतुक पाण्याने अलगद पुसून, जागा कोरडी होऊ द्यावी. रक्तही फार येऊ देऊ नये, त्यातील हिमोग्लोबिन हाच अडथळा करते.

तिसरी जागा थंडाव्याची. नमुना घेतल्यावर तासाभरात दोन ते आठ अंशांत गेला पाहिजे, आणि आपल्या केंद्रावर त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. लसीच्या डब्यातील गोठवलेल्या थैल्या अशा वेळी कामी येतात. मात्र लसीच्या कुप्या आणि हे नमुने एकाच डब्यात कधीही ठेवू नयेत. पॉक्सचा डीएनए चिवट असतो, कोरडी खपली तर बऱ्यापैकी हाल सोसते. म्हणून फोडातील द्रवाबरोबर दोन निरनिराळ्या जागांवरच्या खपल्या दोन वेगळ्या कोरड्या नळ्यांत पाठवाव्यात. एक बिघडली तरी दुसरी हाताशी राहते. फॉर्मालिनमध्ये काही घालू नये, त्याने डीएनए खराब होतो. मोजे, मुखपट्टी, डोळ्यांचा चष्मा आणि तिहेरी वेष्टन यांत सवलत नाही.

अर्जावर ‘अंगावर पुरळ’ एवढेच लिहून पाठवू नये. फोड कितव्या दिवसाचा आहे, शरीरावर कुठून घेतला, ताप आधी आला की नंतर, घरी म्हैस-शेळी आहे काय, रुग्ण कुठून प्रवास करून आला, आणि दंडावर देवीचा व्रण आहे काय, हे सारे लिहावे. कोणते प्रायमर आधी घालायचे हे प्रयोगशाळा त्यावरून ठरवते. आणि नळीवरचे नाव साध्या शाईच्या पेनाने लिहू नका. बर्फाच्या ओलाव्याने शाई पसरते, आणि अमरावतीला पोहोचेपर्यंत दोन रुग्णांच्या नळ्या एकसारख्या निळ्या झालेल्या असतात.